दातांतले वय आणि पाठीवरची मजल : उदगीर, पानिपत आणि उतारवयाचा घोडा

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावी, खंडोबाची यात्रा भरते. देवदर्शन, कुस्त्या, तमाशाचे फड हे सारे आहेच. पण यात्रेची जुनी ख्याती जनावरांच्या बाजाराची. तिथे घोडा घेणारा जाणता माणूस आधी रंग पाहत नाही, चालही पाहत नाही. एका हाताने वरचा ओठ उचलतो, दुसऱ्या हाताने जबडा दाबतो आणि क्षणभर दातांकडे पाहतो. त्या एका क्षणात बरीचशी किंमत ठरून जाते.

घोड्याचे वय त्याच्या तोंडात लिहिलेले असते, ही गोष्ट नवी नाही. त्या वयाचा अर्थ काय लावायचा, हा मात्र दख्खनच्या इतिहासातला फार महत्त्वाचा आणि फार दुर्लक्षित प्रश्न आहे. लढाया आणि तह, सरदार आणि तोफा यांवर पुष्कळ लिहिले जाते. हजार कोसांची मजल ज्या पायांवर झाली, त्या पायांचे वय किती होते आणि त्यांची निगा कोण राखत होते, हे क्वचितच विचारले जाते. हा धागा त्याविषयी.

आरंभ दातांपासूनच करावा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड ‘पूर्ण’ होते. त्यापुढे वय ओळखायचे ते दातांच्या झिजेवरून. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त याचा नेमका क्रम दिला आहे. मधली, तिच्या बाजूची आणि कडेची जोडी पडून नवी आली की अनुक्रमे तीन, चार आणि पाच वर्षे. पुढे दातांवर एकामागून एक खुणा येतात : काळी, पिवळी, पांढरी, काचेसारखी, माशीसारखी, शंखासारखी, मग खळगा, आणि मग दात हलणे. प्रत्येक खूण तीन वर्षांची. शेवटी दात पडू लागतात. आकडेमोड करून पाहावी. पाच वर्षे, अधिक आठ खुणांची चोवीस, अधिक शेवटच्या पडझडीची तीन : बत्तीस. वराहमिहिराच्याच ‘बृहज्जातका’त घोड्याचे परमायुष्य बत्तीस वर्षेच सांगितले आहे.

आजचे पशुवैद्यक यात फारसा बदल सुचवत नाही. घोड्याचा दात आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर हिरडीबाहेर सरकत राहतो आणि तितकाच झिजतो. जबड्यात दडलेला हा साठा विशी ओलांडल्यावर संपत येतो. मग दात हलतात आणि गळतात. वरच्या जबड्यातील कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच उमटते, पंधराव्याला ती अर्ध्यापर्यंत पोहोचते आणि विसाव्याला टोकापर्यंत. जुन्या बाजारात काही विक्रेते दात कोरून, खळगा डागून घोडा ‘तरुण’ करीत. जगभर घोड्यांचे व्यापारी ही युक्ती करीत आले आहेत, तेव्हा दख्खनला तिचा दोष वेगळा लावण्याचे कारण नाही.

हे ज्ञान ग्रंथांतच अडकून राहिले नव्हते. शालिहोत्र हा अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो. नकुलाच्या नावावर ‘अश्वचिकित्सित’ आहे, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. बहमनी सुलतानांच्या आश्रयाने या परंपरेचे फार्सीत भाषांतर झाले. त्यांची नंतरची राजधानी बीदर उदगीरपासून फार दूर नाही. फार्सी आणि हिंदुस्थानी बोलीतून शालिहोत्राचा ‘सलोत्री’ झाला, आणि घोड्यांच्या वैद्याला दख्खनपासून पंजाबापर्यंत हाच शब्द रूढ झाला. पुढे इंग्रजी रिसाल्यांतही पशुवैद्यकीय मदतनिसाला सलोत्रीच म्हणत. एका ऋषीचे नाव छावणीतल्या हुद्द्याला चिकटण्याचे असे उदाहरण विरळाच.

आता मूळ प्रश्न. म्हातारा घोडा सांभाळायचा कशासाठी? तरुण घोडा आणला की काम भागते ना?

इथेच घोडे पेंड खाते. मराठी घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. घोडा, हत्यार, दाणावैरण सरकारची. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई आणि त्याचा पगार त्या घोड्याच्या धरूनच असे. बारगिराचा घोडा मेला तर पागेची नोंद बदले. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची चाकरी मरे, आणि नवा घोडा घेण्याची ऐपत नसेल तर दुसऱ्याचा बारगीर होण्याखेरीज त्याला गत्यंतर नसे. मराठे शिलेदार सरळ तोंडावर हल्ला करायला कचरतात, अशी टीका इंग्रज निरीक्षकांनी वारंवार केली. त्यांना ती भीरुता वाटली. परंतु ज्याचे घरदार आणि मुलाबाळांची भाकरी एका चार पायांच्या जिवावर उभी आहे, त्याने तो जीव जपून वापरावा, यात भीरुतेपेक्षा हिशेब अधिक दिसतो. असा माणूस पंधरा-सोळा वर्षांच्या घोड्याला सहजासहजी काढून टाकत नाही. तो त्याला आणखी चार मोहिमा कसे टिकवावे हे शिकतो.

सरकारी पागेतही निगा ही केवळ मर्जीची बाब नव्हती. शिवछत्रपतींच्या काळातील व्यवस्था सभासदाने १६९० च्या दशकात लिहून ठेवली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि खूर! पंचवीस घोड्यांमागे या दोन माणसांची नेमणूक पगारपत्रकात कायम असावी, यावरून घोडा कुठे आणि कशाने निकामी होतो याची जाण किती नेमकी होती ते कळते. आठ महिने मुलूखगिरी आणि पावसाळ्याचे चार महिने छावणी, हे त्या व्यवस्थेचे चक्र. लष्कर परत येण्याआधी छावणीत दाणा, वैरण आणि औषधे साठवलेली असावीत, घोड्यांसाठी गवताने शाकारलेले आसरे तयार असावेत, असा दंडक होता.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाच्या आज्ञेसाठी ते नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते पत्र मुळात घोड्यांच्या चाऱ्याचे आहे. दाणावैरण आताच मनास येईल तशी उधळाल तर ऐन पावसाळ्यात ती संपेल, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्यातील रोख. पुढे तर आगीचा इशारा इतक्या बारकाईने दिला आहे की वाचणारा थक्क होतो : रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि मग घोडी जगणार नाहीत. राज्यकर्ता उंदराचा विचार करतो, कारण त्याचे राज्य गंजीवर उभे आहे.

छावणीचे चार महिने ही नुसती विश्रांती नव्हती, आणि उतारवयाच्या घोड्यासाठी तर ते निर्णायक असत. वय झालेल्या घोड्याला पूर्ण बांधून ठेवले तर त्याचे सांधे आखडतात, पाठीवरचे आणि पुठ्ठ्यावरचे मांस उतरते, आणि एकदा उतरलेले मांस पुन्हा चढायला तरुण घोड्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून रोज ‘फेरणे’ हे पागेचे नित्यकर्म. आधी नुसते कदम चालवणे, मग मजल वाढवणे, मग थोडी दुडकी, आणि चढउताराची वाट सर्वांत शेवटी. लांब पल्ल्याच्या स्वारीची तयारी आजही याच क्रमाने सांगतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना त्याहून अधिक, आणि कंडरा, अस्थिबंध व हाडे यांना कित्येक महिने लागतात. घोडा धापा टाकत नाही म्हणजे तो तयार झाला, असा समज करून घेणारा स्वार पुढे लंगडा घोडा हाताने ओढत परततो.

आज लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतींत मुक्कामाच्या तपासणीला घोड्याचे ठोके ठरावीक वेळेत मिनिटाला ६४ च्या आसपास किंवा खाली यावे लागतात. निरोगी घोड्याचे विश्रांतीतले ठोके साधारण २८ ते ४४. उतारवयाचा घोडा वेगाने मागे पडत नाही, तो सावरायला वेळ घेतो. फरक दिसतो तो मुक्कामावर, वाटेवर नव्हे. मुक्कामाला पोहोचताच मोतद्दार घोडा लगेच बांधत नसे, घाम निवेपर्यंत हळूहळू चालवत असे. ठोके मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. परंतु छातीच्या भात्याची लय, कानाच्या मुळाशी सुकलेला घाम आणि तोबऱ्यात तोंड घालण्याची उत्सुकता यांवरून त्याला जे कळायचे, ते फारसे वेगळे नव्हते.

खाण्याचे गणित अधिक कठोर आहे. घोड्याला रोज आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका आहार लागतो. तीनशे किलोच्या दख्खनी घोड्याला म्हणजे साडेचार ते सहा किलो, वर पंचवीस-तीस लिटर पाणी. उन्हाळ्यात, श्रमात, त्याहून बरेच अधिक. यातला मोठा भाग कडबा, गवत, हरळी असाच हवा, कारण घोड्याचे पचन मोठ्या आतड्यातल्या किण्वनावर चालते. दाणा, ज्याला पागेत ‘चंदी’ म्हणत, तो पूरक. महाराष्ट्रात हरभरा, दक्षिणेकडे सरकावे तसा हुलगा. इंग्रजांनी हुलग्याला घोड्याचा दाणा म्हणूनच ओळखले आणि त्याचे नावही तसेच ठेवले. हरभरा भिजवून आणि हुलगा शिजवून द्यायची रीत होती. दाढा झिजलेल्या घोड्यासाठी ही रीत म्हणजे जीवदान. कोरडा दाणा तो नीट चघळू शकत नाही. अर्धवट चावलेला घास तोंडातून गोळा होऊन खाली पडतो किंवा तसाच पोटात जातो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचा पोटशूळ जिवावर बेततो. खाली पडलेले असे चघळलेले गोळे आणि लिदीतले अख्खे दाणे, ही दात बिघडल्याची पहिली खूण. आज पशुवैद्य दातांच्या धारदार कडा कानशीने घासून देतात, आणि वय झालेल्या घोड्याची ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावी असे सांगतात.

रोगट म्हातारपण आणि नुसते म्हातारपण यांतला फरक पाहण्याची सोपी जागा म्हणजे बरगड्या. १९८३ साली अमेरिकेतील टेक्सास येथे हेन्नेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याची अंगकाठी एक ते नऊ अशा श्रेणीत मोजण्याची पद्धत मांडली. ती आता जगभर वापरतात. मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचे मूळ यांवर हात फिरवून पाहायचे. खरारा करणारा माणूस हेच रोज करीत असे. खरारा म्हणजे केवळ धूळ काढणे नव्हे. सकाळ-संध्याकाळ घोड्याच्या सर्वांगावर माणसाचा तळहात फिरतो, आणि काल नसलेली गाठ, सूज किंवा खोक आज सापडते.

पाठीचा प्रश्न मात्र उतारवयात स्वतंत्रच उभा राहतो. वय वाढते तशी पाठ खोलगट होते, माथ्याचे हाड वर येते आणि पूर्वी बेतलेले खोगीर चुकीच्या जागी टेकू लागते. पाठ ‘लागली’ की घोडा आठवडेच्या आठवडे निकामी. दख्खनी खोगीर मऊ, आत चिंध्या-केस भरलेले असे. ती भरती कमी-अधिक करून पाठीच्या आकाराशी जुळवता येई. आज ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी मजकुरासाठी वापरला जातो. ज्या मोतद्दाराने पहाटे दिव्याच्या उजेडात म्हाताऱ्या घोड्याच्या खोगिराची भरती उसवून पुन्हा केली असेल, त्याला हा अर्थ मुळीच पटला नसता.

ओझ्याविषयी आजचा सर्वसाधारण संकेत असा की स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भार असावा. तीनशे किलोच्या घोड्याला म्हणजे साठ किलो. एवढे तर सडपातळ स्वारानेच भरते! मराठी स्वार हलका का असे, तंबू-कनातींऐवजी कमरेला भाल्याबरोबर दाण्याची पिशवी का असे, याचे एक उत्तर गनिमी काव्यात आहे आणि दुसरे भीमथडी घोड्याच्या पाठीत. दुसरे उत्तर कदाचित पहिल्याचेही कारण असावे.

आता उदगीर.

१७५९ च्या अखेरीस अहमदनगरचा किल्ला मराठ्यांना मिळाला आणि निजामाशी युद्ध पेटले. सलाबतजंग आणि निजाम अली यांचे सैन्य आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या बाजूने सरकत होते. तोफखान्याच्या आडोशाने, एकत्र, सावकाश. सदाशिवरावभाऊ आणि रघुनाथराव यांच्या घोडदळाने त्याला चहूबाजूंनी वेढले, रसद तोडली, पाण्याच्या जागा अडवल्या. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्याच. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात निर्णायक झुंज झाली आणि निजामाने तह केला : सुमारे साठ लाखांचा मुलूख, दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखी ठाणी. दख्खनी घोडदळाला जे उत्तम येत होते, ते त्याने आपल्याच भूमीत, आपल्याच हवामानात, ओळखीच्या चाऱ्यावर करून दाखवले. माघातले दिवस, खळ्यांवर नवा कडबा, ओढ्यांना अजून पाणी. घोड्याच्या दृष्टीने पाहिले तर याहून सोयीचा काळ आणि प्रदेश सापडणे कठीण.

मग आले उत्तरेचे बोलावणे. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले होते. ती बातमी दक्षिणेत पोहोचली आणि मार्चच्या मध्यास भाऊसाहेब परतूरहून निघाले. नकाशावर एक योगायोग लक्षात येतो. उदगीर आणि पानिपत जवळपास एकाच रेखांशावर आहेत. एक दुसऱ्याच्या अगदी थेट उत्तरेला. सरळ रेषेत अंतर सुमारे १२०० किलोमीटर, वाटेने कितीतरी अधिक.

अंतर हा खरा प्रश्न नव्हता. दख्खनी घोड्यांनी त्याआधी अटकेपर्यंत मजल मारली होती. प्रश्न पंचांगाचा होता. उदगीरची मोहीम करून आलेले घोडे छावणीचा विसावा न घेताच चैत्र-वैशाखाच्या उन्हात निघाले. मे अखेर ग्वाल्हेर. पावसाळ्यात चंबळ-यमुनेच्या खोऱ्यात, पूर आलेल्या नद्यांच्या काठी चिखलात. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली. मराठी फौजांनी उत्तरेत याआधीही पावसाळे काढले होते, हे खरे. पण तेव्हा पैसा आणि रसद मागून येत होती. या खेपेला दोन्हींची ओढाताण पहिल्यापासून होती. सभासदाने वर्णिलेल्या चक्रातले चार महिने, ज्यांत घोडा भरून येतो, ते त्या वर्षी आलेच नाहीत. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकून धान्याचा मोठा साठा हाती लागला तो तात्पुरता दिलासा. महिनाअखेरीस पानिपतला तळ पडला, आणि अब्दाली दिल्ली आणि तळ यांच्या मध्ये उभा राहिला.

वरचे गणित इथे पुन्हा मांडावे. केवळ दहा हजार घोडी धरली तरी दिवसाला पंचेचाळीस ते साठ टन चारा-दाणा आणि अडीच लाख लिटर पाणी. तळावरची जनावरे यापेक्षा फार अधिक होती, शिवाय बैल, उंट आणि हजारो यात्रेकरू-बुणगे. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्यानंतरच्या वर्णनांत झाडपाला आणि जनावरांची हाडे दिसू लागतात.

उपासमारीत घोडा कसा खचतो, याचा एक क्रम आहे. आधी चरबी जाते, मग पाठ-पुठ्ठ्याचे स्नायू. सुके कोरडे काड चघळून त्यातून काही काढण्याची ताकद ज्याच्या दाढांत आहे तो तग धरतो. ज्याच्या दाढा झिजल्या आहेत तो भरल्या गंजीजवळही उपाशी राहतो. उत्तरेचा पौषातला गारठा दख्खनी जनावराला अनोळखी. अंग तापते ठेवण्यासाठी अधिक चारा लागतो, आणि नेमका तोच नाही. चौदा-पंधरा वर्षांचा अनुभवी घोडा, जो तोफेच्या आवाजाला दचकत नाही, ज्याच्यावर स्वाराचा सर्वांत अधिक विश्वास असतो, तोच अशा वेळी सर्वांत आधी गळतो. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी जे घोडदळ रणात उतरले, ते उदगीरचे घोडदळ उरलेच नव्हते. पानिपतच्या कारणांची चर्चा अडीच शतके चालू आहे; तोफा, रचना, मैत्री, वेळ. त्या यादीत घोड्याच्या पोटाला पुष्कळ वरचे स्थान द्यायला हवे.

नंतरच्या शतकात मराठवाड्यातला घोडा वेगळ्या निशाणाखाली गेला. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत ‘हैदराबाद कंटिंजंट’ उभी राहिली. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाड तारण गेले. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही तिची ठाणी. एक नांदेडच्या उत्तरेला, दुसरे लातूरच्या शेजारी. १८५८ मध्ये या फौजेचे स्वार ह्यू रोजच्या सैन्याबरोबर झाशी-काल्पीपर्यंत गेले. दख्खनी खूर पुन्हा उत्तरेच्या वाटेला लागले, या वेळी विरुद्ध बाजूने.

या रिसाल्यांत शिलेदारी पद्धतच चालू राहिली, पण तिला एक जोड मिळाली. स्वार घोडा स्वतःचा आणी. एका घोड्याच्या हक्काला ‘असामी’ म्हणत आणि ती विकता-घेताही येई. घोडा मेला किंवा वयामुळे काढावा लागला तर भरपाईसाठी प्रत्येक स्वाराच्या पगारातून ‘चंदा’ कापला जाई. म्हणजे शेजाऱ्याचा घोडा वेळेआधी म्हातारा झाला तर आपल्या खिशाला झळ लागे. साऱ्या रिसाल्याने एकमेकांच्या घोड्यांवर नजर ठेवावी, याला यापेक्षा प्रभावी उपाय कोणता असेल? शिवकाळातील शिलेदार एकटा बुडत असे. इथे वार्धक्याचा धोका साऱ्यांत वाटला गेला. १९०३ नंतर या रिसाल्यांची नावे बदलली. त्यांपैकी २० वी ‘डेक्कन हॉर्स’ १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणात, हाय वुड येथे, भाले रोखून घोड्यांवरून धावून गेली. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडीत निघाली.

याच काळात घोड्यांच्या मृत्यूचे एक जुने कोडेही सुटले. पावसाळ्यानंतर अंगात ताप, पायांना सूज, खाणे चालू असूनही झिजत जाणे. याला लोक ‘सुर्रा’ म्हणत आणि वय किंवा पाणी यांवर दोष टाकत. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी घोड्यांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीव सापडला. तो मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. कितीतरी घोडे ‘म्हातारे झाले’ म्हणून पागेबाहेर काढले गेले असतील, जे प्रत्यक्षात आजारी होते. उतारवयाच्या घोड्याचे वजन उतरले की वयाला दोष देण्याआधी दात, जंत आणि रक्त तपासावे, हा आजचा नियम त्यातूनच समजून घेता येतो. शेंबा, ज्याला पशुवैद्य ग्लँडर्स म्हणतात, तो तर माणसालाही होतो. त्यासाठी १८९९ मध्येच स्वतंत्र कायदा झाला, आणि आजही घोडा बाजारात नेण्यापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरला जातो तो त्यामुळेच.

रिसाले गेले, पण लांब मजल पूर्ण थांबली नाही. मेंढरांबरोबर हंगामागून हंगाम फिरणाऱ्या धनगरांची बिऱ्हाडे अजून घोड्याच्या पाठीवर चालतात. भीमथडी जनावर टिकले ते त्यांच्यामुळे, सरदारांमुळे नव्हे. अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा अनेकांना ते अजून शिल्लक आहे याचेच आश्चर्य वाटले. अशा तांड्यातली वयस्क घोडी दुपारच्या आत मजल संपवते, वाटेत चरते, ओझे कमी झाले तरी चालणे सोडत नाही. रोज थोडे, पण रोज, ही तिची पागा.

नांदेडात गोदाकाठी आणखी एक पागा आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे आले आणि इथेच त्यांचा अंत झाला. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या तबेल्यातील घोडे गुरूंच्या दिलबाग नावाच्या घोड्याच्या वंशातले आहेत, अशी श्रद्धा आहे. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला ते सजून मिरवणुकीत निघतात. निशाण पुढे असते, वाद्ये वाजत असतात, दोन्ही बाजूंना गर्दी असते, आणि पाठीवर झूल असते, स्वार नसतो.